माळकऱ्याला कोणता प्रश्न विचारायचा?

एखाद्याने तुळशीची माळ घातली की गाव त्याच्यावर नजर ठेवू लागते. जत्रेत तो मटणाच्या पंगतीला बसला का, एकादशीला हॉटेलात भजी खाताना दिसला का, वरातीत मित्रांनी आग्रह केला तेव्हा त्याने ग्लास हातात घेतला का, याकडे सगळ्यांचे बारीक लक्ष असते. त्यात कोणी सापडला तर पारावर त्याची यथेच्छ टिंगल होते. पण त्याच माळकऱ्याने वडिलांच्या पश्चात बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या, खुरपणीला आलेल्या बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी दिली किंवा उसनवारीत अडलेल्या शेजाऱ्याचा बांध कोरला, तर त्याच्या माळेचा विषय कोणी काढत नाही. तो झाला व्यवहार. धार्मिक माणसांच्या रोजच्या जगण्यात त्यांची श्रद्धा खरोखर उतरते का, या प्रश्नाचा विचार माझ्या मते इथून सुरू व्हायला हवा. समाज जिथे जाब विचारतो तिथे श्रद्धा माणसाचे आयुष्य बदलून दाखवते. जिथे कोणी विचारत नाही तिथे ती निवांत पडून राहते. तेव्हा भाविकांच्या मनाची झडती घेण्याआधी आपण त्यांना कोणते प्रश्न विचारतो आणि कोणते टाळतो, हे तपासले पाहिजे.

आधी 'हे सगळे ढोंग आहे' म्हणणाऱ्यांविषयी. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पेरणीची कामे कशीबशी उरकून, पावसापाण्यात, उघड्या माळावर मुक्काम करत लाखो माणसे जवळपास तीन आठवडे चालतात. त्यांना कोणी निमंत्रण देत नाही, पोहोचल्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. गर्दीमुळे अनेक जण कळसाचे दर्शन घेऊनच माघारी फिरतात आणि त्यात त्यांना काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. एवढे कष्ट इतक्या पिढ्या नुसत्या दिखाव्यासाठी कोणी करत नाही. माळेने घरे सावरल्याची उदाहरणेही ग्रामीण महाराष्ट्रात मुबलक आहेत. नवऱ्याने माळ घातली आणि दारू सुटली, हा त्या घरातल्या बाईच्या दृष्टीने कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा मोठा लाभ असतो. 2020 मध्ये करोनाच्या साथीत पायी वारी थांबली आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. आयुष्यभर न चुकवलेली वारी लाखो वारकऱ्यांनी इतरांच्या जिवासाठी घरी बसून केली. परंपरेचे बाह्य रूप बाजूला ठेवून तिचा गाभा जपण्याची समज या समाजात आहे, याचा याहून ठळक पुरावा कोणता हवा? श्रद्धेत ताकद नाही, असे म्हणता येणार नाही. मग ही ताकद काही दारांशी नेमकी का थबकते, हे शोधायला हवे.

प्यू रिसर्च सेंटरने 2019-20 मध्ये देशभरातील सुमारे 30 हजार प्रौढांना प्रत्यक्ष भेटून धर्माविषयी प्रश्न विचारले. त्यांतले 97 टक्के लोक देव मानणारे निघाले. 60 टक्के रोज प्रार्थना करणारे. पण अहवालातली खरी बोलकी आकडेवारी वेगळी आहे. गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही, असे 72 टक्के हिंदूंनी सांगितले. देवच न मानणारा हिंदू असू शकत नाही, असे म्हणणारे मात्र 49 टक्के. म्हणजे आपला कोण आणि परका कोण हे ठरवताना देवावरच्या विश्वासापेक्षा ताटातल्या पदार्थाला जास्त वजन. त्याच पाहणीत आपल्या समाजातील बायकांना अन्य जातीत लग्न करण्यापासून रोखणे अत्यंत महत्त्वाचे आहे, असे 64 टक्के भारतीयांनी म्हटले. माणूस काय खातो आणि घरातली मुलगी कोणाकडे देतो, या दोन ठिकाणी आपण धर्माचे पहारेकरी बसवले आहेत. त्याच्या तराजूवर, त्याच्या पगारपत्रकावर आणि त्याच्या सात-बाऱ्यावर असा पहारा नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी नोंदवले, की दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, बरोबर गात. स्वयंपाक आणि जेवणे मात्र वेगवेगळी होत. भजनात विरलेली जात चुलीपाशी पुन्हा उभी राहत होती. आणि पुढे, वारी उलगल्यावर पंढरपुरातली घाण कोणाच्या हातांनी निघते, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला. वाटेवर एकमेकांच्या पाया पडणारा समाज त्या हातांचा विचार आपणहून करू शकला असता. पण तो प्रश्न वारीच्या नियमांत कधी आलाच नव्हता.

हक्कसोडीचेच पाहा. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरी वडील गेले की काही महिन्यांत बहिणींना गाडी पाठवली जाते, तहसीलच्या आवारात मुद्रांकाचा कागद पुढे येतो, आणि 'माहेर तुटायला नको' म्हणून ती अंगठा किंवा सही देते. बदल्यात साडीचोळी आणि दर दिवाळीला भाऊबीज. तो भाऊ लबाडच असतो असे नाही. तो देवभोळा असतो, बहिणीवर त्याचे प्रेम असते, तिच्या मुलांच्या लग्नात तो मामा म्हणून राबतो. फक्त या कागदाचा आणि आपल्या देवाचा काही संबंध आहे, असे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. नवरात्रात कुमारिकांचे पाय धुऊन त्यांना जेवू घालणाऱ्या घरांचेही तेच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, आणि बीड जिल्ह्यात अवघ्या 807. परळी वैजनाथाचा आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा हा जिल्हा. तिथल्या भक्तीविषयी कोणाला शंका नाही. सोनोग्राफीच्या खोलीत जाताना मात्र ती भक्ती बाहेर चपलांपाशी थांबली, हे आकडा सांगतो.

याच जिल्ह्यातून दर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. साखर कारखान्याचा हंगाम पूजेशिवाय सुरू होत नाही. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, सपत्नीक पूजा होते, गव्हाणीत पहिली मोळी टाकताना नारळ फुटतो, बहुधा एखाद्या महाराजांचे आशीर्वचनही होते. पूजा करणाऱ्यांचा भाव खोटा मानायचे कारण नाही. पण त्याच मोळीचा ऊस तोडणारी बाई नवऱ्यासह 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. पाळीच्या दिवसांत किंवा आजारपणात ती फडात गेली नाही तर खाडा पडतो; मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे अनेक कारणे आहेत. कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रिया करणारे दवाखाने त्यांत आले, आणि खाड्याची धास्तीही आली. मोळीपूजनाच्या मांडवात बागायतदार, संचालक, मुकादम असे सगळे हात जोडून उभे असतात. खाडा किती लावायचा, फडाजवळ बायकांसाठी आडोसा आणि पाणी असावे की नसावे, हे ठरवणारेही तेच. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत.

हे कसे घडते, याचा एक धागा दूरच्या मराकेश शहरात सापडतो. तिथल्या जुन्या बाजारातील दुकानदारांवर केलेला एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःसाठी थोडे पैसे ठेवावेत की त्याहून जास्त रक्कम दानासाठी द्यावी, अशी निवड त्यांच्यापुढे ठेवली होती. अजान कानांवर पडत असताना विचारले तेव्हा ते अधिक उदार ठरले. एरवी विचारले तेव्हा त्याच बाजारातले बरेच दुकानदार हात आखडता घेत. बाजार तोच, श्रद्धा तीच. फरक फक्त त्या क्षणी आठवण होती की नव्हती याचा. श्रद्धा ही अशी आठवणीवर चालते. आणि आठवण करून देण्याचे काम एकट्या व्यक्तीचे नसून तिच्या समाजाचे असते. आपल्याकडे एकादशीची आठवण कॅलेंडर करून देते, मांसाहाराची माळ करून देते, दारूची सगळा गाव करून देतो. मजुरी वाटताना, वारसनोंद करताना, निविदा भरताना, सुनेच्या माहेराकडून गाडीची अपेक्षा ठेवताना अशी घंटा वाजवणारे कोणी नाही. जिथे घंटा वाजते तिथे माळकरी खरोखर बदलतो, हे आपण दारूच्या बाबतीत पाहिलेच आहे.

ही घंटा वाजवणे अशक्य आहे असे समजू नये, कारण आपल्याच परंपरेने ती वाजवली होती. तुकोबांचे घराणे वाण्याचे आणि सावकारीचे. चरित्रकार सांगतात, की दुष्काळाच्या आघातानंतर त्यांनी कर्जखतांतला भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. ऋणको मोकळे झाले. भक्तीचा पहिला परिणाम त्यांच्या हिशेबाच्या कागदांवर झाला. आपण मात्र लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करतो आणि आतल्या व्याजाच्या दराकडे पाहत नाही. गाडगेबाबांनी तर कीर्तनाचे रूपच प्रश्नोत्तरांचे केले. कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, नवसाला बकरे का कापता, असे ते समोरच्या गर्दीलाच विचारत आणि गर्दीकडून उत्तर वदवून घेत. त्याआधी गावात आले की हातात खराटा घेऊन गाव झाडत. अस्पृश्य यात्रेकरूंना पंढरपुरात उतरायला जागा नव्हती म्हणून त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. आजच्या अखंड हरिनाम सप्ताहातही कीर्तनकार प्रश्न विचारतात, पण बहुतेकदा ते मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्या पोरांना, सासूशी भांडणाऱ्या सुनांना आणि मुलींच्या कपड्यांना उद्देशून असतात. मुकादमाला, ठेकेदाराला, खासगी सावकाराला उद्देशून क्वचितच. त्याचे कारण मंडपातल्या फलकावर लिहिलेले असते: आजच्या पंगतीचे यजमान कोण, काल्याचा खर्च कोणाकडे, कीर्तनाची बिदागी कोणी दिली. सप्ताहाचा खर्च उचलणाऱ्याच्या पापाचे नाव सप्ताहात निघत नाही. त्यामुळे ज्यांच्या हातात काही नाही, त्यांच्याच आचरणाची उजळणी होत राहते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कोणाच्या अंतःकरणातला भाव मोजायचा अधिकार कोणालाच नाही. मान्य. भाव मोजूही नये. पण हक्कसोडीचा कागद, मजुरीचा दर आणि खाडा या मनातल्या गोष्टी नाहीत. त्या शेजाऱ्याला, तलाठ्याला आणि मजुराला दिसतात. शिवाय भाव दिसत नाही हा युक्तिवाद आपण ताटाच्या बाबतीत कधी मानलेला नाही. मांसाहार करणाऱ्या माळकऱ्याच्या अंतःकरणात विठ्ठल असेलही, म्हणून गाव त्याला सोडून देते का? दुसरा आक्षेप: देव न मानणारे तरी कुठे मोठे नीतिमान आहेत? तेही खरे. लाच घेणाऱ्यांत, हुंडा मागणाऱ्यांत आणि मजुरी बुडवणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे लोक सापडतात. धर्मामुळे माणसे बिघडतात असा या लेखाचा दावा नाही. पण नास्तिकाने आपल्या जगण्यावर ईश्वराचा अंमल असल्याचे जाहीर केलेले नसते. भाविकाने ते स्वतःहून जाहीर केलेले असते, आणि सगळ्या जिवांत एकच देव पाहण्याचे व्रत घेतलेले असते. त्याला त्याच्याच शब्दाची आठवण देणे हा उपमर्द नाही. आदर्श उंच असला की आचरण तोकडे पडणारच, हेही अगदी खरे. तोकडे पडल्याची खंत असेल तर तक्रार नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा 'धर्म वेगळा, धंदा वेगळा' म्हणून मध्ये भिंतच बांधली जाते आणि खंत वाटायची सोयही उरत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जात, हुंडा, जमिनीतला वाटा, मजुरी हे सामाजिक आणि आर्थिक प्रश्न आहेत; ते कायद्याने आणि चळवळीने सुटतील, भाविकाच्या श्रद्धेवर त्यांचे ओझे का टाकायचे? कायदा आणि चळवळ हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला आणि तरीही दार उघडले नाही. 1935 मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. दारातल्या माणसाचा प्रश्न ऐकून न घेणाऱ्या श्रद्धेने केवढी किंमत मोजली, हे त्यातून समजावे. उलट 1947 मध्ये साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विठ्ठलाच्याच नावाने विचारले, की तुमचा देव सगळ्यांचा आहे तर त्याचे दार सगळ्यांना का नाही? त्यांच्या दौऱ्यात कित्येक गावांनी आपली मंदिरे आणि विहिरी खुल्या केल्या. शेवटी 1 मे रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले आणि विठ्ठल मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाल्यावर ते सुटले. त्या गावांतली माणसे दौऱ्याआधीही तितकीच श्रद्धावान होती. त्यांना हा प्रश्न तोवर कोणी असा, त्यांच्याच देवाची शपथ घालून, विचारला नव्हता. आणि हा केवळ हिंदूंचा मामला नाही. गोव्यातल्या कॅथलिक समाजात काही चर्चच्या कॉन्फ्रारिआ, म्हणजे भाविकांचे संघ, दीर्घकाळ जातीनुसार विभागलेल्या राहिल्या. मुसलमान समाजातही उच्चकुलीन अश्राफ आणि मागास पसमांदा हा भेद एका सफेत नमाज पढूनही लग्न जमवताना डोके वर काढतो. एकत्र उपासना सोपी असते. उपासनेतून उठल्यावरचा व्यवहार सगळ्यांनाच अवघड जातो.

चौथी भीती मला स्वतःलाही रास्त वाटते. समाजाने भाविकाच्या व्यवहाराला जाब विचारायचा म्हटले, की नव्या जातपंचायती उभ्या राहणार नाहीत का? धर्माच्या नावाने गावाने घेतलेला जाब बहुधा दुबळ्याच्याच मुळावर येतो. वाळीत टाकण्याच्या प्रकारांमुळेच महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून विचारण्याची दिशा महत्त्वाची. आज गाव प्रश्न विचारते ते सुनेला, तरुण पोरांना आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्याला, म्हणजे ज्यांचे कोणावर काही चालत नाही त्यांना. प्रश्न गेला पाहिजे तो ज्याचा हात वरचा आहे त्याच्याकडे. आणि त्यासाठी पंचायत, दंड, बहिष्कार यांची गरज नाही. दिंडीच्या फडाने आपल्या विणेकऱ्याला, देवस्थानच्या विश्वस्तांनी आपल्या कंत्राटदाराला, कीर्तनकाराने पंगतीच्या यजमानाला एवढे विचारायला हरकत नसावी: बहिणीचा वाटा दिला का? सफाई करणाऱ्याला किमान वेतन मिळते का? टोळीतल्या बाईचा खाडा माफ केला का? सप्ताहाची वर्गणी स्वीकारण्याआधी हे प्रश्न आले, तर काही वर्गण्या बुडतील. बुडू द्याव्यात. चार पंगती कमी झाल्याने हरिनाम अडत नाही.

धार्मिकांच्या श्रद्धेची साक्ष आपण आजवर चुकीच्या माणसांकडून घेत आलो. महाराज सांगतात की हे मोठे भाविक, देवस्थान शाल-श्रीफळ देते, वर्तमानपत्रात फोटो येतो. ही सगळी माणसे त्या भाविकाच्या बरोबरीची किंवा त्याच्याकडून काही मिळण्याची आशा असलेली. ज्यांचे पोट त्याच्या हातात आहे, त्यांना कोणी विचारत नाही. मोलकरीण, सालगडी, ऊसतोड करणारी बाई, हुंडा देऊन आलेली सून, वाटा सोडून गेलेली बहीण यांना विचारावे, की हा माणूस देवाला भितो का. त्यांचे उत्तर बहुतेक वेळा अचूक असेल, कारण त्याच्या देवाशी त्यांची गाठ रोज पडते. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाच्या गळ्यात माळ असो वा नसो, त्याची श्रद्धा खरी मानायला हरकत नाही. 'नाही' आले तर त्याला ढोंगी म्हणून हिणवण्याचीही घाई नको. जी श्रद्धा त्याची दारू सोडवू शकते, ती त्याच्या मुठीतला बहिणीचा वाटाही सोडवू शकेल. फक्त दारूसाठी जेवढे गाव त्याच्या मागे लागले होते, तेवढे याहीसाठी लागले पाहिजे.